चर्चचा ऑर्गन बदलायचाय : जुनाच दुरुस्त करू, नवा डिजिटल घेऊ की काँप्युटरवर जाऊ?

पायपेटीवाला | रविवार, रात्री १०.४०

नमस्कार मंडळी. (आमच्यात मंडळी म्हणजे चर्चचे सभासद. इथे तुम्ही सगळे.)

मध्य मुंबईतल्या एका जुन्या मराठी चर्चमध्ये मी बावीस वर्षं रविवारी ऑर्गन वाजवतोय. पोटापाण्यासाठी हिशेब लिहितो. ऑर्गन शिकलो तो आमच्या आधीच्या वादक काकांच्या शेजारी बाकावर बसून, त्यांची पानं उलटता उलटता. तेव्हा माझ्याकडून शास्त्राची फार अपेक्षा ठेवू नका. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊन बसा.

आमच्याकडे वाद्यं दोन आणि दोन्ही आजारी.

पहिली पायपेटी. शंभरी उलटलेली असावी, नावाची पट्टी कधीच निघून गेलीय. पायाने दोन पावड्या दाबायच्या, आत पितळी सूर, वर आवाजाचा प्रकार बदलायच्या अकरा खुंट्या. त्यातल्या सात ओढल्या तर काहीतरी होतं, चार नुसत्या शोभेच्या. भात्याचं कापड उंदरांनी खाल्लंय, त्यामुळे एक कडवं होईपर्यंत माझ्या पोटऱ्या भरून येतात. पावसाळ्यात पट्ट्या फुगून अडकतात, मग खालची पट्टी दाबली की वरची पण गाते.

दुसरा नव्वदीच्या दशकात घेतलेला परदेशी इलेक्ट्रॉनिक ऑर्गन. हातासाठी एकावर एक दोन पट्ट्यांच्या रांगा, प्रत्येकी ६१ पट्ट्या, आणि पायाखाली ३० पट्ट्यांचा पेडलबोर्ड. लाकूडकाम अजून झकास. पण गेल्या ईस्टरच्या पहाटे पहिल्याच गीताला आतून फर्र असा आवाज आला आणि संपलं. तीन मेकॅनिक झाले. ती चिप आता मिळत नाही, असं तिघांनी तीन वेगवेगळ्या चिपांबद्दल सांगितलं.

मंडळीने साडेचार लाख जमवलेत. कापणीच्या सणाच्या लिलावात एका दुधीभोपळ्याला अकराशे मिळाले, यावरून लोकांची इच्छा किती ते समजा. नव्या डिजिटल ऑर्गनचा जो भाव मिळाला तो या रकमेच्या तिपटीहून थोडा वर आहे. पास्टोरेट कमिटीत (चर्चचा कारभार बघणाऱ्या) तीन पक्ष पडलेत : थांबून पैसे जमवून नवा घेणारे, पायपेटीच दुरुस्त करा म्हणणारे आणि 'हल्ली सगळं काँप्युटरवर होतं' म्हणणारे. तिसऱ्या पक्षात आमचा तरुण संघ आणि आश्चर्य म्हणजे स्वतः पाळकसाहेब.

कोणाला अनुभव आहे का? कुठली कंपनी बरी?

---

तिरकस | रविवार, रात्री ११.०२

चाळीस हजारांचा कीबोर्ड घ्या, उरलेल्या पैशात पंखे बदला. विषय संपला.

---

पायपेटीवाला | रविवार, रात्री ११.२५

@तिरकस, पंखे खरंच बदलायचेत. पण कीबोर्डवर आम्ही ईस्टरपासून काढतोय, म्हणून सांगतो. पियानोचा सूर दाबला की मरायला लागतो. आमची गीतं संथ, ओळ लांब. लोकांना पाठीवर हात ठेवल्यासारखा अखंड सूर खाली लागतो, नाहीतर ते रेंगाळतात आणि तिसऱ्या कडव्यापर्यंत पट्टीतून उतरतात. कीबोर्डात ऑर्गनचा आवाज आहे म्हणा, पण दीडशे माणसं उभी राहून गायला लागली की तो कुठे जातो कळत नाही. आणि पायाखाली काही नसल्यामुळे खर्ज नाही.

एकदा प्रभुभोजनाच्या वेळी चुकून तालाचं बटण दाबलं गेलं. त्याबद्दल जास्त विचारू नका.

---

ध्वनिमित्र | सोमवार, सकाळी ७.५०

कंपनी कुठली हा शेवटचा प्रश्न. आधी हे सांगा : हॉल केवढा, छत लाकडी की काँक्रीट, रविवारी माणसं किती, आणि जुन्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनचे स्पीकर कुठे होते?

---

पायपेटीवाला | सोमवार, दुपारी १.१५ (जेवणाच्या सुट्टीत)

लांबी साधारण ऐंशी फूट, रुंदी चाळीस, दगडी भिंती, वर लाकडी कैच्या आणि कौलं. रविवारी दीडशे, नाताळला चारशे आणि बाहेर मांडव. स्पीकर ऑर्गनच्या पोटातच होते, म्हणजे पहिल्या बाकावरच्या आजींच्या गुडघ्यांच्या उंचीवर. शिवाय भाषणासाठी खांबांवर उभे पेटीस्पीकर आहेत, काही वर्षं त्यांतूनही ऑर्गन जोडला होता.

---

ध्वनिमित्र | सोमवार, रात्री ९.३०

मग तुमचं अर्धं दुखणं ऑर्गनचं नव्हतंच. सविस्तर लिहितो.

पाइप ऑर्गनमध्ये (नळ्यांत हवा फुंकून वाजणारा मूळ ऑर्गन, इलेक्ट्रॉनिक त्याचीच नक्कल) १६ फुटी नळीचा सगळ्यात खालचा सा (पांढरी एक) सुमारे ३३ हर्ट्झचा असतो. ८ फुटीचा ६५. खांबावरचे भाषणाचे स्पीकर शंभरच्या खाली हात वर करतात. म्हणजे तुम्ही पायाने जे वाजवत होता ते निम्मं कोणाला ऐकूच जात नव्हतं, फक्त तुमच्या बाकाला कंप येत असणार. खर्ज हवा तर मोठा सबवूफर, आणि तो कोपऱ्यात.

दुसरं, गुडघ्याच्या उंचीवरचा आवाज पहिल्या तीन रांगांतली माणसं शोषून घेतात. कपडे घातलेला माणूस म्हणजे आवाजाच्या दृष्टीने चालती गादी. शनिवारी रिकाम्या चर्चमध्ये सराव करताना वाटतं काय घुमतंय, आणि रविवारी तेच वाद्य मरगळलेलं. बरोबर ना? स्पीकर उंच न्या, आठ-दहा फुटांवर, आणि तोंडं लोकांकडे न करता भिंतीकडे किंवा छताकडे वळवा. आवाज इमारतीतून आल्यासारखा वाटला पाहिजे.

तिसरं, सगळे सूर एकाच जोडीतून काढू नका. दहा बोटं आणि पाच स्टॉप (एकेका प्रकारच्या नळ्या चालू करणाऱ्या खुंट्या) म्हणजे पन्नास नळ्या एकदम. एकाच कागदी कोनाने ते सगळं एका वेळी हलवायचं म्हटलं की गढूळ होतं. चार किंवा सहा लहान स्पीकरांत वाटून टाकलं की तोच आवाज निवळतो.

कोणतंही वाद्य घ्या, बजेटचा तिसरा हिस्सा स्पीकरला काढून ठेवा. विकणारा हे सांगणार नाही, कारण त्याच्या पेटीतच स्पीकर असतात.

---

पायपेटीवाला | सोमवार, रात्री ९.५०

'शनिवारी घुमतं, रविवारी मरगळतं'. बावीस वर्षं मला वाटायचं रविवारी मीच घाबरतो.

---

सोल्डरिंग_बाबा | मंगळवार, सकाळी ८.१०

त्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनला भंगारात काढू नका!!! चिप गेली म्हणजे आवाज बनवणारा भाग गेला. पट्ट्या, पेडल, बाक, लाकूड शाबूत आहे. महाग तेच असतं.

आतलं सगळं काढून टाका. प्रत्येक पट्टीखाली एक स्विच असतो, ते स्विच आडव्या-उभ्या तारांच्या जाळीत जोडलेले असतात. आर्डुइनोसारखा छोटा बोर्ड ती जाळी सेकंदाला शेकडो वेळा तपासतो आणि कुठली पट्टी दाबली ते मिडीच्या भाषेत काँप्युटरला सांगतो. मिडी १९८३ सालचं आहे, अजून ठणठणीत. दोन रांगा आणि पेडल मिळून १५२ स्विच. लॅमिंग्टन रोडवर सामान मिळेल. मुंबईच्या खाऱ्या हवेने जुन्या संपर्कतारा हिरव्या पडल्या असतील, त्या साफ करायला मात्र दोन रविवार जातील. पेडलला लोहचुंबक आणि रीड स्विच (चुंबक जवळ आलं की लागणारे) बसवा. (हा रीड वेगळा, काचेच्या नळीतला. पायपेटीतल्या पितळी सुरांना रीड म्हणतात, त्याच्याशी संबंध नाही.)

काँप्युटरमध्ये खऱ्या पाइप ऑर्गनची एकेक नळी ध्वनिमुद्रित केलेले संच मिळतात. वीस स्टॉप आणि ६१ पट्ट्या धरल्या तर बाराशेवर वेगवेगळे आवाज. ते वाजवणारं हाउप्टवेर्क हे विकतचं सॉफ्टवेअर, ग्रँडऑर्ग फुकट. मेमरी १६ जीबी तरी हवी, ३२ असेल तर निवांत. आणि साधं साउंडकार्ड नको, पट्टी दाबल्यापासून आवाज यायला दहा मिलिसेकंदांच्या आत जमलं पाहिजे.

---

ध्वनिमित्र | मंगळवार, सकाळी ९.०५

+१. फक्त संच निवडताना 'कोरडा' घ्या. बहुतेकांना घरी हेडफोनवर वाजवायचं असतं, म्हणून संचात त्या मूळ कॅथीड्रलचा घुमारासुद्धा भरलेला असतो. तो तुमच्या चर्चमध्ये लावलात तर एका इमारतीत दुसरी इमारत वाजेल आणि शब्द चिखलात जातील. घुमारा तुमच्या कौलांना देऊ दे.

आणि दहा मिलिसेकंदांचा फार बाऊ नको. आवाज तेवढ्या वेळात साडेतीन मीटरच जातो. स्पीकर तुमच्यापासून दहा मीटरवर टांगलात तर तीस तिथेच गेले. म्हणून वादकाजवळ एक बारका स्पीकर असू द्या.

---

वसईचा_वारा | मंगळवार, दुपारी ३.३०

आम्ही कॅथलिक, तुम्ही प्रोटेस्टंट, पण दुखणं तेच. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये उपासनेबद्दलचा जो दस्तऐवज काढला त्यात पाइप ऑर्गनचा मोठा मान ठेवा असं म्हटलंय, आणि लगेच पुढे योग्य असतील तर बाकीची वाद्यंही चालतील असंही म्हटलंय. आमच्याकडे सगळ्यांनी दुसरं वाक्यच पाठ केलं. मराठी मिस्साला ढोलकी, गिटार, व्हायोलिन.

माझा भाबडा प्रश्न : खरा पाइप ऑर्गनच का नको? हळूहळू पैसे जमवा. दोनशे वर्षं टिकतो म्हणतात.

---

ध्वनिमित्र | मंगळवार, संध्याकाळी ६.२०

टिकतो, जिथे सांभाळणारा माणूस हाकेच्या अंतरावर असतो तिथे. हवेच्या झडपा चामड्याच्या, हवापेट्या लाकडाच्या. मुंबईत जूनमध्ये लाकूड फुगतं, जानेवारीत आकसतं, चामड्याला बुरशी, बाकीच्याला वाळवी.

शिवाय सुरांची एक गंमत आहे. हवा तापली की आवाजाचा वेग वाढतो आणि शिट्टीसारख्या नळ्यांची पट्टी एका अंश सेल्सिअसला साधारण तीन सेंटने चढते. शंभर सेंट म्हणजे अर्धा सूर. जानेवारीच्या पहाटे २० अंश आणि मेच्या दुपारी ३३, म्हणजे जवळजवळ चाळीस सेंटचा फरक. त्याच ऑर्गनमधल्या पितळी जिभेच्या नळ्या मात्र जवळपास जागेवरच राहतात. मग एकाच वाद्यात दोन पट्ट्या! युरोपातली चर्चं थंडीत हीटर लावून हाच त्रास ओढवून घेतात, आपल्याकडे तो फुकट मिळतो.

---

नाट्यवेडी_गिरगाव | मंगळवार, रात्री ११.४५

सगळे त्या इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या मागे लागलेत, पायपेटीबद्दल कोणी बोलेना म्हणून लॉगिन केलं.

अहो, ही पायपेटी म्हणजे आमच्या संगीत नाटकाचा श्वास होता! गंधर्व नाटक मंडळीत थिरकवांसाहेबांचा तबला, कादरबक्षांची सारंगी आणि त्यांच्या जोडीला ऑर्गन. चर्चमधून आलेलं वाद्य आम्ही रंगभूमीवर असं काही मुरवलं की लोक विसरले ते कुठून आलं. आकाशवाणीने १९४० मध्ये पेटीवर बंदी घातली आणि ती १९७१ पर्यंत चालली, तेव्हाही नाटकवाल्यांनी ती सोडली नाही. माझे आजोबा पायपेटी वाजवायचे, म्हणून हा कळवळा.

कामाचं सांगते. हातपेटीत भाता हवा बाहेर ढकलतो. तुमच्या पायपेटीचे सूर बाहेर ढकलून वाजतात की आत ओढून, ते आधी बघा. अमेरिकन पद्धतीच्या ऑर्गनमध्ये भाता हवा आत ओढतो, म्हणून त्याचा आवाज मऊ. पेटी करणाऱ्या कारागिराला हे माहीत नसेल तर तो झडप उलटी बसवून देईल. आमच्याकडे दिली होती. भात्याला रबर चढवलेलं कापड, आणि चिकटवायला फक्त सरस. फेविकॉल नको, पुढच्या माणसाला ते उघडताना लाकूड फाडावं लागतं. सरस गरम कापडाने शेकला की सुटतो.

आणि कोणालाही 'सूर लावून देतो' म्हणत कानस घेऊन आत शिरू देऊ नका.

---

पायपेटीवाला | बुधवार, सकाळी ६.३०

ताई, बरं झालं लिहिलंत. पाठची फळी काढून बघितली. आत ओढणारीच आहे. चार शोभेच्या खुंट्यांपैकी दोन नुसत्या दोऱ्या तुटल्यामुळे गप्प होत्या, त्या बोलायला लागल्या. आतून १९७४ सालचं बेस्टचं तिकीटही निघालं.

पण तुमच्या शेवटच्या वाक्याने माझी झोप उडालीय. आमची पायपेटी फोनवरच्या ट्यूनरला लावली तर पांढरी सहा ४४० ऐवजी ४५२ च्या आसपास दाखवते. कीबोर्ड आणि पायपेटी एकत्र कधीच जमली नाहीत ती याचमुळे. कमिटीतले एकजण म्हणतात, कारागिराकडून सगळे सूर घासून ४४० वर आणा.

---

नाट्यवेडी_गिरगाव | बुधवार, सकाळी ७.००

नको!!

---

ध्वनिमित्र | बुधवार, सकाळी ८.४०

बिघडलेली नाही ती. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये ४५२ च्या आसपासची चढी पट्टी सर्रास चालायची. ४४० वर आंतरराष्ट्रीय एकमत झालं ते १९३९ मध्ये, लंडनच्या परिषदेत. तुमची पेटी त्याआधीच्या जगातली दिसते.

पट्टी उतरवायची तर पितळी जिभेचं मूळ खरवडून पातळ करावं लागतं. चढवायची तर टोक. दोन्हीकडून पितळ जातं, ते परत येत नाही. आणि जवळजवळ पाव सुराचं अंतर म्हणजे थोडंथोडकं खरवडणं नाही.

---

तिरकस | बुधवार, सकाळी ११.१०

मुळात हे साहेबांचं वाद्य. मराठी माणसाने देवाला टाळ-मृदंगाने आळवावं. ऑर्गन कशाला?

(धाग्यावर भांडण पेटवायचं नाही, खरंच विचारतोय.)

---

पायपेटीवाला | बुधवार, रात्री ९.१५

खरंच विचारताय तर खरंच सांगतो. रेव्हरंड टिळक १८९५ मध्ये इथे मुंबईतच ख्रिस्ती झाले, आणि त्यांनी हाच प्रश्न तुमच्यापेक्षा जास्त तिरकसपणे विचारला होता. त्यांची भजनं, अभंग आम्ही दर रविवारी गातो, तबला-टाळ घेऊन, जमिनीवर मांडी घालून. त्याला ऑर्गन लागत नाही, पायपेटी लागते, तीही फक्त एक सूर धरायला.

पण आमच्याच पुस्तकात इंग्रजी चालींवरची गीतंही आहेत. माझ्या आजीला इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, पण त्या चाली तिला ओव्यांइतक्या पाठ. पिठाच्या गिरणीच्या रांगेत गुणगुणायची. चार पिढ्या गायल्यावर चाल कोणाची राहते?

हे लिहिताना माझ्याच लक्षात आलं की मी प्रश्न चुकीचा विचारला होता. एका वाद्याने दोन्ही कामं करायची असं धरून मी बसलो होतो.

---

तिरकस | बुधवार, रात्री १०.००

मान्य. पंख्यांचं तेवढं बघा.

---

पायपेटीवाला | चार महिन्यांनी, शनिवार, रात्री ११.३०

धागा वर काढतोय. उशीर झाला, मार्चअखेर होती.

कमिटीत ठराव झाला. पायपेटी भजनांसाठी दुरुस्त, इलेक्ट्रॉनिक ऑर्गनच्या पोटात काँप्युटर. तरुण संघातल्या दोघा पोरांनी (एकजण इन्स्ट्रुमेंटेशनचा) पट्ट्यांचं काम उचललं. बाबा, दोन नाही, पाच रविवार गेले. एका तारेवर झुरळाने घर केलं होतं.

ग्रँडऑर्गच घेतलं. आधी मोह झाला तो एका प्रचंड कॅथीड्रलच्या संचाचा, साठच्या वर स्टॉप. शनिवारी लावला, अंगावर काटा. रविवारी पहिल्या कडव्यात मंडळी गायची थांबून माझ्याकडे बघायला लागली. ध्वनिमित्र, तुम्ही सांगितलं होतं तरी केलं. आता गावातल्या छोट्या चर्चचा कोरडा संच आहे, अठरा स्टॉप. मी वापरतो सहा-सात. गाण्यासाठी ८, ४ आणि २ फुटी मूळ स्वराच्या नळ्या एकत्र, शेवटच्या कडव्याला पायाखाली १६ फुटी. बावीस वर्षं मी बासरीचे स्टॉप आणि वर थरथराट लावून वाजवत होतो, कारण आमचे काका तसं वाजवायचे. तो थरथराट काढला आणि लोक तालात आले. काकांना हे सांगायची हिंमत झाली नाही. ते दर रविवारी तिसऱ्या बाकावर असतात.

इंग्रजी पुस्तकातली पट्टी आमच्या पुरुषांना झेपत नाही. आता काँप्युटरवर एका बटणाने दोन सूर खाली येतो. पूर्वी मी ते मनात उतरवून वाजवायचो आणि चार काळ्या आल्या की देवाचा धावा करायचो.

स्पीकर सहा, कैच्यांवर, तोंड भिंतीकडे. सबवूफर वेदीच्या उजव्या कोपऱ्यात. वीज गेली तर यूपीएसवर पंचवीस मिनिटं, म्हणजे आशीर्वादापर्यंत पोचतो. पावसाळ्यासाठी काँप्युटरच्या कप्प्यात चाळीस वॉटचा बल्ब कायम जळता ठेवलाय, दमट हवा बाहेर राहते. सगळं मिळून चार लाख दहा हजार. पंखे दोन बदलले, @तिरकस.

आणि पट्टीचं. पायपेटीला कोणी हात लावला नाही. सॉफ्टवेअरमध्ये पट्टी सेंटमध्ये सरकवता येते, म्हणून आख्खा ऑर्गन ४६ सेंट चढवून पायपेटीला लावलाय. नवीन वाद्य जुन्याच्या सुरात. ज्या रविवारी कीबोर्डवाला मुलगा येतो त्या दिवशी परत ४४०. मागच्या रविवारी भजन संपता संपता पायपेटीवरच्या मावशींनी सूर धरून ठेवला आणि त्यावरूनच मी गीताला सुरुवात केली. मधे खोकायला सुद्धा कोणाला वेळ मिळाला नाही.

एक राहिलंय. पायाखालची सगळ्यात खालची पांढरी एक दाबली की उजवीकडून कुठूनतरी झर्रर असा आवाज येतो. खिडकीच्या काचा तपासल्या, सबवूफर हलवला, तरी तेच.

---

ध्वनिमित्र | रविवार, सकाळी ६.४०

३३ हर्ट्झला सैल असेल ते सगळं नाचतं. कोणाला तरी ती पट्टी दाबून बसवा आणि तुम्ही हाताने एकेक वस्तू धरत फिरा. पाट्या, संगमरवरी शिळांचे स्क्रू, गीतांचे आकडे लावायचा फळा.

---

नाट्यवेडी_गिरगाव | रविवार, सकाळी ८.१५

भिंतीवरच्या पंख्याची जाळी बघा आधी.

---

पायपेटीवाला | रविवार, दुपारी १२.५०

जाळीच. नव्या पंख्याची.